वायफायच्या पेटीला दोन दांड्या कशाला?

गेल्या काही वर्षांत अनेक ग्रामपंचायत कार्यालयांच्या भिंतीवर एक नवी पांढरी पेटी आली आहे. घड्याळाखाली, नाहीतर तसबिरींच्या शेजारी, खिळ्याला अडकवलेली. तिला दोन, कुठे तीन-चार काळ्या दांड्या. हीच वायफायची पेटी. केंद्र सरकारने २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने योजना मंजूर केली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणू लागले, आणि केबल ग्रामपंचायतीपर्यंत येऊ लागली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली. आता किराणा दुकानदार किंवा चहावालासुद्धा वेगळा परवाना न काढता आपल्या दारात असे वायफाय चालवू शकतो.

पेटी आली, पण तक्रारही तिच्यामागून आली. आत टेबलाजवळ फोन झकास चालतो आणि बाहेर ओट्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. लोक उभे असतात ते ओट्यावरच. कोणाला पीएम किसानची केवायसी करायची असते, कोणाला सातबारा उतरवून घ्यायचा असतो, कोणाची ई-पीक पाहणी शेतातून नोंदवून झालेली असते पण फोटो वर चढलेला नसतो. एखादी म्हातारी तीन कोसांवरच्या वस्तीवरून आलेली असते. "आज्जी, रेंज नाही, उद्या या," असे सांगितले की तिची एक खेप वाया आणि बरोबर आलेल्या लेकाची रोजंदारी बुडालेली. ग्रामसेवक (कागदोपत्री २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) म्हणतात, "वरूनच येत नाही." कधीकधी ते खरेही असते. केबल तुटते, वीज जाते. पण केबलने जोडलेला आतला संगणक व्यवस्थित चालत असेल आणि ओट्यावरचा फोन तेवढा अडत असेल, तर दोष वरचा नव्हे. तो पेटी आणि फोन यांच्या मधल्या पंचवीस-तीस पावलांतला आहे. मग मासिक सभेत मोठी पेटी घ्यायचा विषय निघतो. तो निघण्याआधी त्या दांड्यांकडे एकदा बघावे, एवढ्यासाठी हा लेख.

लाटेलाही उभे-आडवे असते

कासरा घ्या. एक टोक झाडाला बांधा, दुसरे हातात धरून वर-खाली झटका. लाट उभी पळते. तोच हात डावीकडे-उजवीकडे हलवला की लाट आडवी पळते. कासरा तोच, ताकद तीच, फक्त हेलकाव्याची दिशा वेगळी. रेडिओ लहरींचेही असेच असते. त्यांच्यातला विजेचा हेलकावा उभा असू शकतो, आडवा असू शकतो, तिरपाही असू शकतो. याला इंग्रजीत पोलरायझेशन आणि मराठी पुस्तकांत ध्रुवण म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत कानावर पडणारे ध्रुवीकरण ते हे नव्हे.

उभी दांडी उभी लाट सोडते, आणि उभी लाटच नीट पकडते. आडवी दांडी आडवी. दोघींत ४५ अंशांचा कोन पडला तर निम्मी ताकद हाती येते, ६० अंशांचा पडला तर पाव. पुरता काटकोन झाला की हिशेबाने काहीच यायला नको. प्रत्यक्षात शंभरावा हिस्सा किंवा त्याच्या आसपास काहीतरी झिरपते.

आपल्याला ही गोष्ट अगदीच नवी नाही. घराघरावर दूरदर्शनचे अँटेने होते तेव्हा त्यांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या बांबूवर आडव्याच असायच्या, कारण तिकडून लाट आडवी सोडलेली असे. वाऱ्याने अँटेना कलला की पडद्यावर मुंग्या. आता छपरावर डिश आहे. डिशच्या तोंडाशी असलेल्या बोंडात, ज्याला डिशवाले एलएनबी म्हणतात, उभ्याचा एक आणि आडव्याचा एक असे दोन काटे असतात. घरातला सेट टॉप बॉक्स वर १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभी लाट घेतली जाते, १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडवी. त्यामुळे त्याच लहरींवर दुप्पट वाहिन्या बसवता येतात. माकडाने ते बोंड फिरवून ठेवले की काही वाहिन्या दिसतात आणि काही गायब होतात, तो प्रकार याच कारणाने. लोक मात्र रिचार्ज संपला म्हणून दुकानात जातात.

या विद्येत आपल्या देशाचा हात जुना आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात यावर प्रयोग केले. जाडजूड रेल्वे वेळापत्रक घेऊन त्यांनी पानापानांत कथलाचे पातळ वर्ख घातले, आणि ते पुस्तक एका दिशेने धरले तर लाट आरपार जाते, काटकोनात फिरवून धरले तर अडते, हे दाखवून दिले. पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून लाट गेली की तिची दिशा वळते, हेही त्यांनीच दाखवले. ज्या तागाची आपण पोती शिवतो तोच ताग.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण कासऱ्याचे उदाहरण पुढे जाऊन फसवते. कासरा खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवला तर उभी लाट पार होते आणि आडवी अडते. रेडिओ लहरींचे बरोबर उलटे! लोखंडाचे उभे गज उभी लाट अडवतात, कारण ती लाट गजाच्या लांबीत वीज खेळवते आणि तिथेच परतते. आडवी लाट गजांतून सुटून जाते. गज जितके जवळजवळ, तितका हा परिणाम मोठा. पेटी आत, खिडकीला उभे गज, माणसे बाहेर, आणि पेटीच्या दोन्ही दांड्या उभ्या, अशी मांडणी असेल तर त्या खिडकीतून जाताना लाटेची ताकद काही अंशी तिथेच खर्च होते. आणि डासांची बारीक लोखंडी जाळी लावलेली असेल तर ती उभी-आडवी दोन्ही अडवते.

फोन कोण कसा धरतो?

दूरदर्शनचा अँटेना एकदा बसवला की बसवला. फोनचे तसे नाही. कोणी तो समोर तिरपा धरतो, कोणी आडवा करून फोटो चढवतो, कोणी ओट्यावर ठेवून तंबाखू मळतो. फोनच्या आतला अँटेना त्याबरोबर फिरतो. आत्ता उभा, घटकेत आडवा. पेटीने एकाच दिशेचा कान लावला तर समोरच्याचा आवाज कधी येणार, कधी नाही.

दुसरी भानगड भिंतींची. फोनमधून निघालेली लाट पेटीकडे एकाच वाटेने येत नाही. एक सरळ येते, एक समोरच्या पत्र्याच्या शेडवर आपटून, एक पाण्याच्या टाकीवरून, एक लोखंडी कपाटावरून. विहिरीत दोन खडे टाकले तर तरंग एकमेकांत घुसतात. जिथे दोघांचे उंचवटे जुळतात तिथे पाणी दुप्पट उसळते, जिथे एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खड्डा येतो तिथे पाणी स्तब्ध. वायफायचे असेच होते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात साडेपाचच्या आसपास. म्हणून फोन चार बोटे सरकवला की रेंज येते आणि परत सरकवला की जाते. ओट्यावर फोन घेऊन लोक आरती ओवाळल्यासारखा हात फिरवताना दिसतात. त्यांना हसू नये. ते नकळत बरोबरच करत असतात.

आता यात उपयोगाचा मुद्दा असा, की आपटून येणारी लाट पुष्कळदा आपली दिशाही बदलते. उभी निघालेली तिरपी होते, थोडी आडवी होते. आणि उभ्या लाटेचा ज्या जागी खड्डा पडतो, त्याच जागी आडव्या लाटेचाही पडेल असे नसते. दोन्ही एकदम बुडण्याची वेळ कमी येते. पेटीला एक कान उभा आणि एक आडवा दिला, तर एक बहिरा झाला तरी दुसरा ऐकत असतो. यालाच पोलरायझेशन डायव्हर्सिटी म्हणतात. नाव मोठे आहे, कल्पना शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. एकच पीक घेतले आणि ते गेले तर वर्ष गेले. तुरीची ओळ घातलेली असेल तर निदान डाळ तरी घरात येते.

पेटी निवड कशी करते?

जुन्या पेट्यांत दोन दांड्या पण रेडिओ एकच असे. फोन प्रत्येक निरोपाआधी एक छोटी आरोळी देतो, "ऐका हो!" अशा थाटाची. त्या क्षणभरात पेटी एका दांडीने ऐकते, लगेच दुसरीने ऐकते, जिचा आवाज चांगला तिच्यावर थांबते आणि पुढचा निरोप तिनेच घेते. उत्तरही बहुधा त्याच दांडीने देते. हे सगळे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळात होते, आणि पुढच्या निरोपाला पुन्हा नव्याने.

२००९ साली वायफायचा नवा ठराव आला, ८०२.११ एन. तेव्हापासून प्रत्येक दांडीला स्वतंत्र रेडिओ मिळू लागला. अशी पेटी एकीला निवडून दुसरीला गप्प बसवत नाही, दोघींचे ऐकलेले एकत्र करते. ग्रामसभेत गोंगाट असताना दोघे जण इतिवृत्त लिहीत बसले आहेत असे समजा. नंतर दोन्ही टिपणे जुळवायची, आणि ज्याला जास्त स्पष्ट ऐकू आले त्याच्या टिपणाला जास्त वजन द्यायचे. एकट्याच्या टिपणापेक्षा हे नक्कीच बरे निघते. रेंज चांगली असेल तर अशी पेटी दोन दांड्यांवरून दोन वेगवेगळे निरोप एकाच वेळी पाठवते, म्हणजे वेगही वाढतो.

मोठी पेटी मागणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. बोलणे दोन्हीकडून असते. पेटी विजेवर चालते, तिचा आवाज दमदार. फोन बॅटरीवर चालतो, त्याचा आवाज बारीक. पेटीने आणखी मोठ्याने ओरडायला सुरुवात केली तर फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसेल, पण फोनचे उत्तर पेटीला ऐकू येणार नाही, आणि चक्र फिरतच राहील. आवाज वाढवण्यापेक्षा कान सुधारणे हा खरा इलाज. कान सुधारायला पैसे लागत नाहीत.

मोबाइलच्या टॉवरवर उभ्या लांबट पाट्या असतात, त्यांच्या आतही हीच युक्ती असते. पूर्वी टॉवरवर दोन अँटेने एकमेकांपासून काही मीटर लांब बसवून हे काम साधत. जागा लागे, लोखंड लागे, टॉवरवर वाऱ्याचा भार येई. आता एकाच पाटीत दोन अँटेने फुलीसारखे बसवतात, एक ४५ अंश डावीकडे कललेला आणि एक ४५ अंश उजवीकडे. आणि जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही डिश आकाशातून येणारी लाट दोन्ही दिशांनी पकडतात. तारा काही आपल्याला विचारून लाट सोडत नाही.

दांड्या अशा ठेवा

लाट दांडीच्या टोकातून निघत नाही, हे आधी पक्के करू. पुष्कळ ठिकाणी दांडीचे टोक बंदुकीसारखे माणसांच्या दिशेला वळवलेले दिसते. दांडीची लाट तिच्या अंगाभोवती पसरते. मेदूवड्याच्या भोकात दांडी खुपसली असे डोळ्यांसमोर आणा. वडा जिकडे पसरला तिकडे रेंज, आणि दांडीच्या दोन्ही टोकांच्या दिशेला जवळजवळ काही नाही. टोक ओट्याकडे केले म्हणजे ओट्याला वड्याचे भोक दिले.

दोन दांड्यांची पेटी भिंतीवर असेल तर एक दांडी सरळ उभी करा. दुसरी आडवी, भिंतीला समांतर, म्हणजे तिचे अंग ओट्याकडे राहील. नाहीतर दोन्ही तिरप्या करा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, मध्ये काटकोन राहील अशा. टॉवरवाल्यांची पद्धत हीच. तीन असतील तर मधली उभी, कडेच्या दोन बाहेर कललेल्या. कंपनीच्या पुस्तिकेत बऱ्याचदा दोन्ही उभ्याच ठेवा असे छापलेले असते. घरातल्या घरात, एकाच मजल्यावर ते चालून जाते. पण गजांच्या खिडकीपलीकडे दहा जण दहा तऱ्हांनी फोन धरून उभे असतील, तर माझ्या मते एक आडवी ठेवून बघावीच. काही पेट्यांत एक दांडी २.४ ची आणि दुसरी ५ ची असते. अशा पेटीत दोघींचा एकमेकींना काही उपयोग नाही. पेटीच्या तळाशी किंवा पुस्तिकेत ते लिहिलेले असते, वायरमनला वाचायला सांगा. नुसत्या दांड्या जास्त म्हणून पेटी भारी, असे दुकानदार सांगेल. मान हलवावी आणि पुढे जावे.

दांड्या नसलेली, ताटलीसारखी गोल पेटी असेल तर तिच्या पोटात हे उभे-आडवे अँटेने बसवलेलेच असतात. पण ती छताला लावायची म्हणून बनवलेली असते. आपल्याकडे शिडी मिळाली नाही म्हणून ती भिंतीवर ठोकतात. मग जो वडा जमिनीसरसा पसरायचा तो उभा राहतो, निम्मा वर आकाशाला आणि निम्मा खाली जमिनीला. कपाटावर उताणी टाकलेली ताटली तर मी स्वतः पाहिली आहे, आणि वरून तिच्यावर फायलींचा गठ्ठा.

ग्रामपंचायतीतून शाळेला किंवा आरोग्य उपकेंद्राला बिनतारी जोडणी दिली असेल तर दोन्हीकडच्या अँटेन्यांची दिशा एकच हवी. जाळीची डिश असेल तर गजांकडे पाहून कळते. इकडचे गज उभे असतील तर तिकडचेही उभेच पाहिजेत. एकीकडची डिश काटकोनात फिरली तर ताकद शंभराव्या हिश्श्यावर येते, म्हणजे १ किलोमीटरची जोडणी १० किलोमीटरची असल्यासारखी वागू लागते. मधल्या रानात ऊस असेल तर लागणीच्या वेळी चालणारी जोडणी ऊस दोन पुरुष वाढला की अडते. ओल्या पानांत लाट जिरते. त्याला दांडीचा इलाज नाही, खांबच उंच करावा लागतो.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद मोजणारी ॲप फुकट मिळतात. त्यात उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० म्हणजे कामापुरते, उणे ८० च्या खाली गेले की चक्र फिरणार. आकडा ३ ने सुधारला म्हणजे ताकद दुप्पट, १० ने सुधारला म्हणजे दहापट. माणसे जिथे खरोखर उभी राहतात तिथे उभे राहा, फोन आधी उभा, मग आडवा धरा, आणि एका जागी चार-पाच वेळा आकडा लिहा. एकच आकडा खोटा बोलतो, कारण मघाचे ते चार बोटांचे खड्डे. मग आतल्या माणसाला दांडी हलवायला सांगा, थोडे थांबा, पुन्हा लिहा. शाळेतली आठवी-नववीची पोरे हे काम अर्ध्या तासात करतात, आणि आवडीने करतात.

नवी पेटी बसवून ठेकेदार काम पूर्णत्वाच्या कागदावर सही मागायला येतो तेव्हा हेच आकडे कामाला येतात. पेटीखाली उभे राहून त्याने फोन दाखवला म्हणून सही करू नये. ओट्याची पायरी, पिंपळाचा पार, अंगणवाडीचे दार आणि सेवा केंद्राच्या खिडकीबाहेरची रांग, या चार ठिकाणचे आकडे त्याच्याकडून त्याच कागदावर लिहून घ्यावेत, खाली तारीख घालावी, आणि एक प्रत दप्तरी ठेवावी.